पहिली तीन पानं सगळ्यांची

होल्डेममध्ये सगळ्यात जास्त मार कोण खात असेल, तर तीन पत्तीत मुरलेला माणूस. ताथवड्यात असे पुष्कळ. कुणी हिंजवडीच्या कंपनीत कोड लिहितो, कुणी चाकणला शिफ्ट करतो. कुणी लातूरचा, कुणी साताऱ्याचा. दिवाळीला गावी गेलं की पहाटेपर्यंत तीन पत्ती, हे लहानपणापासूनचं. पत्ते कसे पिसायचे, समोरच्याचा चेहरा कसा वाचायचा, ब्लाइंड कधीपर्यंत खेचायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. मीही त्यातलाच. त्यामुळे सुरुवातीला फ्लॉपवर मी जे काही केलं, ते तीन पत्तीच्या हिशेबानंच केलं.

खेळ नवा असलेल्यांसाठी थोडक्यात. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळतात. एक बोली होते. मग टेबलावर तीन पानं एकदम उघडी टाकतात, तो फ्लॉप. पुन्हा बोली. मग चौथं पान टर्न, पाचवं रिव्हर, आणि दर वेळी बोली. हातातली दोन आणि टेबलावरची पाच, या सातांतून सर्वांत चांगली पाच धरायची. म्हणजे फ्लॉप पडला की सातांपैकी पाच पानं तुम्हाला दिसलेली असतात आणि बोलीच्या मात्र तीन फेऱ्या बाकी असतात. पैसे जातात ते इथून पुढे.

बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० संच निघतात. तीन पत्तीत तुमच्या मुठीत येणारी पानं आणि होल्डेमचा फ्लॉप, दोन्ही त्या २२,१०० मधलेच. पण मुठीतली तीन तुमची एकट्याची असतात. फ्लॉपची तीन टेबलावरच्या प्रत्येकाची असतात. तीन पत्तीवाला फ्लॉपकडे बघतो आणि मनात म्हणतो, "मला काय लागलं?" तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की या तीन पानांनी कुणाकुणाचं भलं केलं असेल?

त्याआधी एक खड्डा बुजवून घेऊ. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, पोकरमध्ये फ्लश, म्हणजे कलर, स्ट्रेटच्या, म्हणजे सिक्वेन्सच्या वर. हे कुणाच्या मर्जीनं ठरलेलं नाही. तीन पानांत साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे लागतो आणि कलर १,०९६ प्रकारे, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ आणि मोठा. पाच पानांत स्ट्रेटचे १०,२०० प्रकार होतात आणि फ्लशचे फक्त ५,१०८. तीन पत्तीतली ट्रेल तर सर्वांच्या डोक्यावर. इथे तीच तीन सारखी पानं स्ट्रेटच्याही खाली जातात. तीन गुलाम दाखवून चिप्स ओढायला हात पुढे केलेला माणूस मी पाहिलाय. समोर किलवरचा साधा फ्लश पडला होता. त्याला पटवायला आम्हाला अर्धा तास लागला आणि तरी शेवटी तो "आमच्याकडे असं नसतं" म्हणूनच उठला.

आता तो डाव. पावसाळ्यातली शनिवारची रात्र, हायवेखालच्या भुयारी मार्गात पाणी साचलेलं, त्यामुळे वाकडकडचे दोघे आमच्याच फ्लॅटवर अडकलेले. चिप्स प्लास्टिकच्या, पैशांचा संबंध नाही. प्रत्येकाकडे ६००. ब्लाइंड, म्हणजे इथे दोघांना पानं बघायच्या आधीच टाकावी लागणारी रक्कम, ५ आणि १०. मी सगळ्यात शेवटी बोलणार होतो आणि हातात दोन एक्के, इस्पिक आणि चौकट. याहून चांगली सुरुवात होल्डेममध्ये नाही. मी २० केले. चौघांनीही निमूटपणे २० टाकले. पॉट १००.

फ्लॉप पडला: बदामाची नव्वी, बदामाची अठ्ठी, किलवरची छक्की.

चौघांनी चेक केलं, म्हणजे काही न टाकता बोली पुढे सोडली. मी ८० टाकले. तिघांनी पानं टाकली. राहिला बिग ब्लाइंडला बसलेला मित्र, पेंट शॉपमधला. हा माणूस एरवी चहा पीत बसतो, हातात काही असल्याशिवाय चिप्सना हात लावत नाही. त्यानं ८० चे २४० केले. मी एक्क्यांकडे पुन्हा एकदा बघितलं आणि उरलेले सगळे पुढे ढकलले. त्यानं दश्शी-सत्ती उलटी केली. छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी. फ्लॉपवरच स्ट्रेट. शेजारच्या वहिनी, ज्या पानं टाकून केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या, म्हणाल्या, "भाऊजी, एक्के तीनदा बघितलेत. टेबल एकदा तरी बघायचं होतंत."

या डावात बिघाड दोन जागी आहे. पहिली जागा फ्लॉपच्या आधी. दोन एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकतात. चार हातांविरुद्ध हाच आकडा ५६ च्या आसपास उतरतो. १० चे २० करून मी चौघांना स्वस्तात आत घेतलं. ४० किंवा ५० केले असते तर दश्शी-सत्ती घरी गेली असती. दुसरी जागा खरी महत्त्वाची. नऊ-आठ-सहा, त्यात दोन बदाम, आणि समोर चार माणसं. दश्शी-सत्तीला स्ट्रेट, सत्ती-पंजीला स्ट्रेट, नव्वी-अठ्ठीला दोन जोड्या, कुठल्याही दोन बदामांना फ्लशची आशा. अशा ओल्या फ्लॉपवर माझ्याकडे होती फक्त एक जोडी, मग ती एक्क्यांची का असेना. ८० टाकणं एक वेळ ठीक. पण गप्प माणसानं चेक करून नंतर तिप्पट केलं, तेव्हा एक्के टाकून द्यायचे होते. १०० गेले असते, ६०० वाचले असते असं नाही, पण ५०० नक्की वाचले असते.

हात चांगला आहे म्हणून फ्लॉपवर हटून बसणं, ही तीन पत्तीची सवय. तिथे हातात आलेलं बदलत नाही, त्यामुळे हटून बसण्यात थोडं तरी शहाणपण असतं. इथे तुमचा हात तोच राहतो, पण त्याची किंमत टेबल ठरवतं.

याच्या उलट फ्लॉप घ्या: इस्पिकचा राजा, चौकटची सत्ती, किलवरची दुर्री. तीन वेगळे रंग, जवळजवळची पानं नाहीत. हा कोरडा फ्लॉप. समोर एकच माणूस असेल आणि आधी बोली तुम्ही वाढवली असेल, तर तुम्हाला काही लागलेलं नसलं तरी पॉटच्या एक तृतीयांश इतकी छोटी बोली लावण्यात अर्थ आहे. ज्याच्या हातात जोडी नाही अशा माणसाला फ्लॉपवर निदान एक जोडी लागण्याची शक्यता जेमतेम ३२ टक्के. तीनांतल्या दोन वेळा तोही कोराच असतो. आणि पॉट ९० असताना तुम्ही ३० टाकले, तर चारांत एकदा त्यानं पानं टाकली की हिशेब बरोबरीत येतो. पण समोर तिघे-चौघे असतील तर ही युक्ती गुंडाळून ठेवा. त्यांतल्या कुणाला तरी काहीतरी लागलेलं असतंच.

आता आशेवर बसणाऱ्यांचं. हातात दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम, पाचवा यायचाय. पॅकमध्ये नऊ बदाम शिल्लक. टेबलावर झटकन करायचा हिशेब सोपा आहे: फ्लॉपवर उपयोगाची पानं मोजा आणि चारनं गुणा, नऊ चोक छत्तीस, खरा आकडा ३५ टक्के. गोम अशी, की हे ३५ टर्न आणि रिव्हर दोन्ही बघायला मिळणार असतील तरच. एकाच पानासाठी दोननं गुणायचं, म्हणजे १८, खरं पाहता १९. पॉट १०० आहे, समोरच्यानं ५० लावले. तुम्ही ५० टाकले की पॉट २०० होतो, म्हणजे चारांत एकदा जिंकायला हवं, २५ टक्के. समोरच्याचे ५० हे त्याचे शेवटचे असतील, पुढे बोली नसेल, तर ३५ तुमच्याकडे आहेत, बेलाशक टाका. पण त्याच्याकडे अजून ढीग असेल आणि टर्नवर तो पुन्हा मागणार असेल, तर तुमचे १९ आणि लागणारे २५. मग बदाम लागल्यावर त्याच्याकडून आणखी किती निघतील, यावर सगळं अवलंबून. टेबलावर मी चार गुणिले वाले खूप पाहिले, दोन गुणिले वाले कमी. आणि स्ट्रेटच्या मधलं एकच पान हवं असेल तर उपयोगाची पानं चारच. टर्नवर साडेआठ टक्के. त्या आशेवर पैसे टाकू नका, फुकट बघायला मिळालं तर बघा.

छोट्या जोड्यांचं तर काय सांगावं. पंजी-पंजी हातात आली की माणूस मोहरून जातो. तिसरी पंजी फ्लॉपवर येण्याचं प्रमाण सुमारे १२ टक्के, म्हणजे आठ-नऊ वेळांत एकदा. दोघांकडेही मोठे ढीग असतील तर स्वस्तात फ्लॉप बघा. तिसरी पंजी आली नाही आणि समोरून बोली आली की पानं टाका. राजा-राणी-नव्वीच्या फ्लॉपवर पंज्या कवटाळून बसणाऱ्याला काय म्हणावं!

आमच्या घरच्या टेबलावर एक्क्यांचा डाव हरलो ते बरंच झालं, प्लास्टिकच गेलं. अ‍ॅपवर हाच डाव मी खऱ्या पैशांनी खेळलोय, सेकंड शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमध्ये, अर्धवट झोपेत. फोनवर समोरचा चहा पितोय की नाही ते दिसत नाही. उत्तर द्यायला मोजके सेकंद, आणि डाव संपायच्या आत दुसरा हजर. फ्लॉपकडे बघायला तिथे वेळच नसतो, बोट आपोआप कॉलवर जातं.

ते दुकान आता बंद झालंय. ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्यात बाजूलाच ठेवलाय; पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ म्हटला की बंदी. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड; खेळणाऱ्याला नाही. म्हणून काही जण आता परदेशी साइटच्या लिंक पाठवतात. तिथे अडकलेले पैसे मागायला कुणाच्या दारात जाणार? राज्यात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहेच, तेव्हा फ्लॅटवर पैसे लावून 'गेम' बसवणाऱ्यांनीही जपून असावं. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, की पोकरच्या टेबलावर घर प्रत्येक पॉटमधून आपला वाटा काढतं, आणि रिवाज असा की फ्लॉप पडला नाही तर वाटाही नाही. फ्लॉप बघायची हौस तिथे दोनदा महाग पडते.

सरावाला पैसे लागत नाहीत, दुसरा माणूसही लागत नाही. पॅक पिसा, वरची तीन पानं उघडा आणि या टेबलावर सर्वांत भारी हात कुठल्या दोन पानांचा, ते मोठ्यानं सांगा. चौकटची राणी, किलवरचा गुलाम, इस्पिकची चौकी? इथे अजून स्ट्रेट नाही, फ्लश नाही; भारी हात दोन राण्यांचा. राजा, राजा, तिर्री? उरलेले दोन्ही राजे ज्याच्याकडे तो सर्वांत वर, पण तिर्री-तिर्रीवाला आणि राजा-तिर्रीवाला दोघेही फुल हाउस घेऊन बसलेत, आणि तुमचे एक्के त्यांच्याखाली. आमच्याकडे हे सगळ्यात भरभर वहिनींना येतं. असे दहा-पंधरा फ्लॉप झाले, की मग आम्ही पत्ते वाटतो.