उन्हाळ्याची सुट्टी आणि मुलांचे मराठी वाचन

महोत्सवी स्मरणिकेत मागील वर्षांचा हिशेब येतोच, आणि तो यावयासही हवा. परंतु अशा प्रसंगी मागे पाहावयाचे तसे पुढेही पाहावयाचे असते. आणि पुढे पाहावयाचे म्हणजे मुलांकडे पाहावयाचे. म्हणून आमच्या वाट्यास आलेल्या या पानांत आम्ही बडोद्यातील मराठी मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीविषयी थोडा विचार मांडणार आहोत. विषय किरकोळ वाटेल. पण तो तसा नाही, हे पुढील प्रसंगावरून ध्यानात येईल.

दोन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, एक गृहस्थ रिक्षात पुस्तकांची दोन खोकी घालून आमच्या वाचनालयात आले. त्यांचे वडील नुकतेच वारले होते. ते म्हणाले, "मला वेळ नाही, मुलाला मराठी वाचता येत नाही. रद्दीत घालवत नाहीत, म्हणून इथे आणली." बरोबर त्यांचा बारा वर्षांचा मुलगा होता. खोके उघडताना एका गोष्टीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर शाईने लिहिलेल्या दोन ओळी आम्हांस दिसल्या. पुस्तक आम्ही त्या मुलापुढे धरले. शाळेत हिंदी शिकल्यामुळे अक्षरे त्याच्या ओळखीची होती. तो एकेक अक्षर जुळवू लागला : "चि. नातवास, बारशाच्या दिवशी. वेळ मिळेल तेव्हा वाच." 'वेळ' या शब्दापाशी तो अडला. हा तुझ्या गुजरातीतलाच ळ आहे, असे सांगताच पुढचे त्याने एका दमात वाचले, आणि मग बापाकडे पाहून विचारले, "नातू म्हणजे मीच ना?"

ते पुस्तक आमच्या कपाटात आले नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे : आजोबांनी नातवासाठी लिहिलेली ओळ नातवापर्यंत पोहोचण्यास बारा वर्षे का लागावी, आणि तीही अशा योगायोगाने?

याचे कारण शोधावयास दूर जाणे नको. आमची मुले गुजराती किंवा इंग्रजी शाळेत शिकतात. मराठी त्यांच्या कानांवर असते, जिभेवर असते. डोळ्यांपुढे मात्र नसते. केवळ कानावर जगणारी भाषा हळूहळू निसटत जाते, आणि शेजारची भाषा तिच्या जागी नकळत येऊन बसते. आमच्या ओळखीच्या एका मुलीने गृहपाठ आटोपल्यावर आजीला सांगितले, "आजी, मी आता नवरी आहे." गुजरातीत 'नवरी' म्हणजे रिकामी, मोकळी. आजीला हसू आवरेना. घरोघर असे विनोद होतात आणि ते गोडही असतात. तथापि हसून झाल्यावर विचार करावा, की ज्या मुलीने चार मराठी गोष्टी वाचल्या आहेत, तिच्या तोंडी 'मोकळी' हा शब्द आपोआप आला असता. येथे गुजरातीशी आमचे भांडण नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती आमच्या मुलांच्या शाळेची आणि मैत्रीची भाषा आहे. ती त्यांना उत्तम यावी. प्रश्न फक्त घरच्या भाषेला दिवसातून थोडी जागा देण्याचा आहे.

ही जागा वर्षभर मिळत नाही. शाळा, शिकवणी आणि परीक्षा यांत मूल बुडालेले असते. मोकळीक मिळते ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. आमच्याकडे ती सुमारे पाच आठवड्यांची असते. त्याच सुट्टीत शिकलेले विसरण्याचाही धोका असतो. अमेरिकेत हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र पाहून १९९६ साली असा निष्कर्ष काढला, की उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत मुले सरासरीने शाळेच्या सुमारे एक महिन्याइतकी मागे पडतात. त्यांची सुट्टी आमच्या सुट्टीहून मोठी, हे खरे. आणि हा आकडा सर्वत्र सारखाच लागू पडेल असेही नाही. तरी जे वापरात नाही ते गंजते, हा अनुभव आपल्या सर्वांचाच आहे.

तेव्हा उपाय काय? आमच्या मते उपायाची दिशा बडोद्याच्याच इतिहासात आहे. १८७५ सालच्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक म्हणून या नगरीत आला. त्या वेळी त्यास लिहितावाचता येत नव्हते. येथे येऊन तो मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकला. हाच मुलगा पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड म्हणून विख्यात झाला. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व राज्यात लागू केले. परंतु शाळेत शिकलेले मूल पुढे वाचत राहिले नाही, तर शिकलेली अक्षरेही पुसली जातात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविले आणि राज्यभर ग्रंथालये उभी केली. शहरातील मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग ठेवला. आणि जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये पाठविली.

या योजनेतील एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. गावाला वाचनालय हवे असेल तर गावकऱ्यांनी काही रक्कम जमवावयाची; तेवढीच रक्कम प्रांताच्या पंचायतीने द्यावयाची, आणि तेवढीच सरकारने. असे तीन सारखे वाटे असत. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, आणि एकट्याच्या शिरावर टाकलेले ओझे पेलत नाही. तीन वाटे झाले म्हणजे काम उभे राहते आणि टिकतेही. मुलांच्या सुट्टीतील वाचनाचेही असेच तीन वाटे आम्ही मानतो. वेळ घराने द्यावी, पुस्तके संस्थेने द्यावीत, आणि निवड मुलाने करावी. यांतील एक वाटा चुकला, की बाकीचे दोन वाया जातात.

घराचा वाटा पहिला. रोज वीस मिनिटे, इतकेच आमचे मागणे आहे. पस्तीस दिवसांची सातशे मिनिटे होतात, म्हणजे साडेअकरा तासांहून थोडी अधिक. नवशिके मूल मिनिटास चाळीस शब्द वाचते असे धरले, तरी सुट्टीत अठ्ठावीस हजार शब्द वाचून होतील. पानास अडीचशे शब्दांप्रमाणे हे शंभर पानांहून मोठे पुस्तक झाले. ज्या मुलाने आजवर मराठीचे एक पानही वाचले नाही, त्याने जूनमध्ये शाळेत जाताना एक अख्खे पुस्तक मागे टाकलेले असेल. ही वीस मिनिटे मात्र ठरलेली असावीत. दुपारची जेवणे झाल्यावर, ऊन चढलेले असताना, घरातील मोबाइल आणि दूरदर्शन तेवढा वेळ बंद ठेवून, मोठ्यांनीही काहीतरी हातात घेऊन बसावे. बाप मोबाइल पाहत बसला आणि मुलास "वाच" म्हणाला, तर मूल काय शिकावयाचे तेच शिकते.

आरंभ कोठून करावा, असे पालक विचारतात. मुलास जे पाठ आहे तेथून करावा. गणपतीच्या दिवसांत म्हटलेल्या आरत्या आणि लहानपणची बडबडगीते त्यास तोंडपाठ असतात. ती छापील पानावर बोट ठेवून म्हणावयास सांगावी. म्हणजे ओळखीचा आवाज आणि अनोळखी अक्षर यांची गाठ पडते. त्यानंतर भिंतीवरचे मराठी कॅलेंडर, कपाटातील लग्नपत्रिका, मावशीचे जुने पत्र अशी घरचीच सामग्री घ्यावी. हिंदीमुळे देवनागरी येत असली, तरी दोन ठिकाणी मूल हमखास अडते, ती आधीच दाखवून द्यावी. एक म्हणजे च आणि ज यांचे दोन उच्चार : 'चार' मधला च वेगळा आणि 'चाक' मधला वेगळा, 'जीव' मधला ज वेगळा आणि 'जाळे' मधला वेगळा. दुसरे म्हणजे ओळखीच्या रूपात येणारे अनोळखी शब्द. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आमच्याकडे ती गुन्ह्याबद्दल मिळते. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आमच्याकडे थट्टा. अशा शब्दांची यादी मुलांनाच करावयास सांगावी. त्यांना त्यात मोठी मौज वाटते.

दुसऱ्या आठवड्यापासून मोठ्यांनी मुलांस वाचून दाखवावे, आणि गोष्ट ऐन रंगात आली असता पुस्तक मिटून ते मुलाजवळ ठेवून उठावे. पुढे काय झाले हे जाणण्याची ओढ सर्व उपदेशांहून प्रबळ असते. तिसऱ्या आठवड्यात उलट करावे : मुलाने वाचावे आणि आजीने ऐकावे. मे महिन्यात घरोघर पापड, कुरडया, सांडगे यांची वाळवणे पडतात. गच्चीच्या सावलीत बसून कावळे हाकणाऱ्या मुलाच्या हाती पुस्तक दिले, तर राखणही होते आणि वाचनही होते. आजीकडून पापडाचे प्रमाण विचारून ते मराठीत लिहून घ्यावे. पाव किलो डाळीचे प्रमाण दोन किलोस किती, हा हिशेब मुलाने करावा. भाषा, लेखन आणि गणित असे तिन्ही एका वाळवणात साधते, आणि त्यास अभ्यास म्हणावे लागत नाही.

संस्थेचा वाटा पुस्तकांचा. येथे आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. पहिल्या वर्षी आम्ही जाहीर केले, की सुट्टीत सर्वांत अधिक पुस्तके वाचणाऱ्या मुलास बक्षीस मिळेल. मुलांची गर्दी झाली. आम्ही खूश झालो. पंधरा दिवसांनी पाहतो तो कपाटातील सर्वांत पातळ पुस्तके तेवढी संपलेली, आणि जाड पुस्तकांवर धूळ तशीच! एका चुणचुणीत मुलीने तर सरळ सांगितले, "काका, वाचून आणायचं का नुसतं आणायचं?" दोष तिचा नव्हता, आमचा होता. बक्षीस आकड्याला ठेवले, म्हणून मुलांनी आकडाच आणून दिला. पुढील वर्षी आम्ही आकड्याचे बक्षीस बंद केले. त्याऐवजी दर शनिवारी संध्याकाळी मुलांनी जमावे, आवडलेल्या पुस्तकाविषयी चार वाक्ये बोलावी, आणि न आवडलेल्याविषयीही मोकळेपणाने बोलावे, असा क्रम ठेवला. संख्या घटली, पण जी मुले उरली ती पुस्तके खरोखरच वाचून येऊ लागली.

मुलाचा वाटा निवडीचा, आणि तोच मोठी माणसे सर्वांत आधी हिरावून घेतात. आपण लहानपणी 'श्यामची आई' वाचून रडलो म्हणून मुलानेही तेच प्रथम वाचावे, असा आग्रह असतो. ते पुस्तक थोर आहे यात शंका नाही. पण एखाद्या मुलास आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हवा असेल, एखाद्या मुलीस प्राण्यांची माहिती हवी असेल. ज्या दाराने यावयाचे त्या दाराने त्यांस आत येऊ द्यावे. याला अनुभवाचा आधारही आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झन यांनी गरीब घरांतील मुलांस लागोपाठ तीन उन्हाळे, दर उन्हाळ्यास बारा पुस्तके दिली. पुस्तके मुलांनीच निवडावयाची होती. तीन वर्षांनंतर ती मुले पुस्तके न मिळालेल्या मुलांच्या वाचनात पुढे गेल्याचे आढळले. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्याकडे पुस्तके विकत घेण्याची सोय नाही, त्यांनीही निराश होऊ नये. 'बालभारती'चे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात.

दोन गोष्टी टाळाव्यात. मूल वाचत असता प्रत्येक शब्दाला टोकू नये. अर्थ बिघडत असेल तेथेच सांगावे. आणि पुण्याच्या चुलतभावाशी त्याची तुलना कधीही करू नये. तो चुलतभाऊ मराठी पाट्यांच्या रस्त्यावरून शाळेत जातो. आमचे मूल दोन लिप्या सांभाळून तिसरी भाषा वाचते. त्याच्या अडखळण्यातही मेहनत आहे, हे आपण ओळखावे.

आता सभासदांस एक विनंती. संस्थेच्या महोत्सवानिमित्त देणग्या येत आहेत, आणि त्यांचे मोल आहेच. परंतु प्रत्येक घराने या सुट्टीत आपला एक वाटा, रोजची वीस मिनिटे, दिला तर ती देणगी आम्ही सर्वांत मोठी समजू. ज्यांच्या घरी मुले नाहीत, त्यांनी शनिवारी येऊन मुलांचे वाचन ऐकावे. शांतपणे ऐकणारे माणूस मिळणे हे मुलाच्या दृष्टीने फार मोठे भाग्य असते.

आरंभी सांगितलेला मुलगा आता शनिवारी येतो. आजोबांचे पुस्तक संपावयास त्यास एक सुट्टी पुरली नाही, दुसरी लागली. गेल्या महिन्यात त्याच्या वडिलांनी खोक्यांतील आणखी चार पुस्तके परत नेण्याची परवानगी मागितली. आम्ही ती आनंदाने दिली. वाचनालयाच्या नोंदवहीत पाच पुस्तके कमी झाली आहेत. त्याबद्दल विश्वस्तांनी आम्हांस क्षमा करावी.