सवीर्यतावधी, छापील मुदत आणि वाया जाणारे चूर्ण

मुदतबाह्य औषधांची खोकी फडताळातून खाली उतरू लागली की व्यवसायबंधूंमध्ये दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, मुदतीचा नियम परक्या शास्त्राच्या मापाने बेतलेला असून त्यापायी उत्तम औषध उकिरड्यावर जाते. दुसरा विचारतो, रुग्णाच्या हाती काय पडते याची हमी नियमावाचून कोण देणार? ग्रंथाधार दोघेही सांगतात. म्हणून प्रथम ग्रंथच पाहू.

शार्ङ्गधर संहितेच्या पूर्वखंडानुसार चूर्ण २ महिन्यांनंतर आणि गुटी व अवलेह १ वर्षानंतर हीनवीर्य होतात. घृत-तैलांविषयीच्या वचनाचा अर्थ कोणी ४ महिने, तर कोणी १६ महिने असा लावतात. आसव, धातू व रस मात्र जुने झाल्यावर अधिक गुणवान ठरतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१-ब (२०१६ मध्ये सुधारित) चूर्णास २ वर्षे, घृतास २ वर्षे, तैलास ३ वर्षे व आसवारिष्टास १० वर्षे देतो. मुदत वेष्टनावर छापणे बंधनकारक असून ती उलटल्यावर विक्री निषिद्ध आहे.

हे आकडे शेजारी ठेवले असता पहिल्या पक्षाची तक्रार केवळ आसवारिष्टांपुरती उरते. तेथे ती आम्हांस मान्य आहे. परंतु १० वर्षे द्राक्षासव जपून ठेवणारा औषधविक्रेता आमच्या पाहण्यात नाही. चूर्णाच्या बाबतीत कायदा ग्रंथाच्या बारापट उदार आहे.

ही उदारता बंद डब्याच्या भरवशावर दिलेली आहे, हे दुसरा पक्षही विसरतो. सितोपलादी चूर्णाच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते. पावसाळ्यात डबा चार वेळा उघडला की ती ओल धरते, आणि वेलची व दालचिनी यांतील उडनशील अंश निघून जातो. लवणभास्कराची गत तर त्यातील लवणांमुळे सर्वांस ठाऊक आहेच. मोठ्या डब्यातून पुड्या बांधून देणाऱ्या वैद्याने छापील तारखेकडे बोट दाखवणे आम्हांस उचित वाटत नाही. डबा फुटला त्या दिवसापासून शार्ङ्गधरांचे २ महिने मोजावेत.

मग नासाडी वाढेल, असा आक्षेप येईल. तो गंभीर आहे. जटामांसी व कुटकी १९९७ पासून साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. हिमालयातून उपटलेले मूळ येथे फडताळात निकामी होणे हा साधा व्यापारी तोटा नव्हे. परंतु ही नासाडी बहुधा मुदतीमुळे होत नाही, खरेदीमुळे होते. योजनेत दहा डब्यांवर दोन फुकट मिळतात म्हणून वर्षाचा माल भरायचा आणि नंतर नियमाला बोल लावायचा, हे बरे नव्हे.

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास कलम ३३-ईईसी अन्वये सवलत आहे. तिचा उपयोग करून अख्खी द्रव्ये कोरडी साठवावीत व महिन्यापुरतेच चूर्ण कुटावे. औषधविक्रेत्यांनी लहान बंद डबे मागवावेत, आणि लवकर मुदत संपणारा माल फडताळात पुढे ठेवावा. उरलेले जुने चूर्ण नव्या घाण्यात मिसळण्याची जी चाल काही ठिकाणी आहे, तिने दोन्ही चूर्णे बिघडतात. शिवाय डब्यावरील तारीखही खोटी ठरते.