सांडपाण्यावरील फुलबाग : शहापूर व मुरबाडच्या परसासाठी

घरापुढे तुळशीवृंदावन, कुडाच्या कडेला जास्वंद आणि मोरीच्या तोंडाशी कर्दळ किंवा केळ, हे दृश्य ठाणे जिल्ह्यातील खेड्यांत जुनेच आहे. फुलझाडांची हौस आपल्या लोकांना नवीन शिकवावी लागत नाही. तथापि, शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पुष्कळ घरी असा अनुभव येतो की, आषाढात हौसेने लावलेली मोगऱ्याची, शेवंतीची किंवा गुलाबाची रोपे पुढील वैशाख पाहत नाहीत. काही श्रावणातच कुजतात, उरलेली चैत्रानंतर वाळतात. मग जमीन वाईट, किंवा आमच्या हाताला गुण नाही, असे म्हणून लोक तो नाद सोडून देतात. वास्तविक दोष हाताचा नसतो. पाण्याचा हिशेब आधी न केल्यामुळे ही बाग बुडते.

या दोन्ही तालुक्यांत वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर, म्हणजे शंभर इंच पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. उतारावरून तो वाहून जातो आणि खालचा काळा पाषाण फारसे पाणी धरून ठेवत नाही. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव आणि त्यानंतरच्या काळातील भातसा धरण ही दोन्ही शहापूर तालुक्यात असून त्यांचे पाणी मुंबईस जाते. तरीही त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात आणि तेथे टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी घरातील स्त्रीने दूरवरून डोक्यावर आणलेला हंडा फुलझाडाला ओतावा असे कोणी सुचवील, तर ते शहाणपणाचे होणार नाही. म्हणून या भागातील फुलबागेचा पहिला नियम असा धरावा की, उन्हाळ्यात बागेला ताजे पाणी घालावयाचे नाही. घरात एकदा वापरून झालेल्या पाण्यावर जेवढी झाडे जगतील तेवढीच लावावीत.

किती झाडे लावावीत?

हा हिशेब सोपा आहे. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी एक बादली, म्हणजे सुमारे पंधरा लिटर पाणी आंघोळीस लागते असे धरले, तर रोज पंचाहत्तर लिटर पाणी मोरीतून बाहेर पडते. मोगऱ्याच्या वाढलेल्या झुडपास उन्हाळ्यात तीन दिवसांआड एक बादली पाणी आणि बुंध्याशी चांगले आच्छादन एवढे पुरते. म्हणजे चार दिवसांच्या एका पाळीत वीस बादल्या मिळतात. त्यांतील निम्म्या जमिनीत मुरतील किंवा इतर कामी लागतील असे धरले, तरी दहा झुडपे सहज जगतात. टंचाईच्या गावी आंघोळीचे पाणी याहूनही कमी असते. तेथे पाच झुडपांवर समाधान मानावे. पन्नास लावून पाच जगविण्यापेक्षा पाच लावून पाचही जगविणे अधिक फायद्याचे असते.

सांडपाण्याची सोय

मोरीचे पाणी उघड्यावर साचू दिल्यास दुर्गंधी सुटते व डास वाढतात. ते थेट झाडाच्या बुंध्याशी सोडल्यास साबणाचा साका बसून माती घट्ट होते. यासाठी मोरीच्या तोंडाशी दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा खणावा. तळाशी मोठे दगड, त्यावर विटांचे व कौलांचे तुकडे आणि सर्वांत वर चार बोटे जाड वाळू घालावी. खड्ड्याच्या उताराकडील बाजूस पाट काढून तो झाडांच्या आळ्यांपर्यंत न्यावा. वरची वाळू महिन्यातून एकदा काढून धुऊन पुन्हा घालावी. खड्ड्याच्या कडेला कर्दळ लावावी, म्हणजे ओलाव्याचा उपयोग होऊन तिची फुलेही मिळतात.

याबाबत चार गोष्टी अवश्य पाळाव्यात. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून हा खड्डा निदान पन्नास फूट दूर असावा. शौचालयाचे पाणी यात मुळीच येऊ देऊ नये. धुण्याच्या सोड्याचे पहिले पाणी बाजूला टाकावे व खळबळण्याचे पाणी तेवढे बागेस द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी देऊ नये. साबणातील क्षार उन्हाळ्यात जमिनीत थोडे साठतात, परंतु आपल्याकडील पाऊस ते दरवर्षी धुऊन नेतो. कमी पावसाच्या मुलखात ही सोय नाही. आपला जोरदार पाऊस या बाबतीत उपकारक ठरतो.

जागा, माती व कुंपण

जो पाऊस क्षार धुऊन नेतो, तोच रोपांची मुळेही कुजवितो. म्हणून फुलझाडे खोलगट जागी लावू नयेत. परसातील उंचवट्याची, निदान अर्धा दिवस ऊन मिळणारी आणि पागोळ्यांपासून दूर अशी जागा निवडावी. उंचवटा नसल्यास मातीचा वीतभर उंच वरंबा करून त्यावर रोपे लावावीत. पावसाळ्यात आळे मोडून बुंध्याशी मातीची भर द्यावी व पावसाळा संपताच पुन्हा आळे करावे. एवढ्या एका कामानेच पुष्कळशी रोपे वाचतात.

वरकस जमिनीत मुरमाचा थर वर असल्यास खड्ड्यात गाळाची माती व कुजलेले शेणखत मिसळावे. पानगळीचा पालापाचोळा, भाताचा पेंढा व तूस हे सारे आच्छादनासाठी राखून ठेवावे. राबासाठी पाला जाळण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु त्यातील दोन-चार भारे बागेस ठेवल्यास उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या कमी होतात.

बकऱ्यांपासून रक्षण झाले नाही तर वरील सर्व श्रम वाया जातात. कुंपणास अडुळसा व निर्गुडी लावावी. त्यांना बकऱ्या सहसा तोंड लावीत नाहीत, आणि पावसाळ्यात खोचलेली छाटे लवकर फुटतात. कण्हेर व बिट्टी पाण्यावाचून तग धरतात हे खरे, पण त्यांचे सर्व भाग विषारी आहेत. लहान मुले व गुरे जेथे वावरतात तेथे ती लावू नयेत.

मुख्य झाड : मोगरा

आपल्या परिस्थितीस मोगरा विशेष मानवतो. तो मुख्यतः उन्हाळ्यात फुलतो. त्या वेळी भातशेतीचे काम नसते, लग्नसराई असते आणि फुलांना मागणी असते. त्याला पाणी हवे असते, पण ते बेताचे. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार व विक्रमगड या तालुक्यांत आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याची लागवड केली आहे. शहापूर तालुक्यातही मोगऱ्याची शेती करणारे शेतकरी आहेत. या भागाच्या हवेत हे झाड येते की नाही, अशी शंका बाळगण्याचे कारण नाही.

मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद व खोल असे खड्डे चार-चार फुटांवर खणून उन्हात तापू द्यावेत. जूनमध्ये पहिले चांगले पाऊस झाल्यावर प्रत्येक खड्ड्यात दहा किलो कुजलेले शेणखत मातीत मिसळून खड्डा जमिनीच्या थोडा वरपर्यंत भरावा. त्यात मुळे फुटलेले एकेक रोप लावावे. पहिल्या वर्षी फुलांची फारशी अपेक्षा धरू नये. त्या वर्षी झुडूप पसरणे हेच पीक समजावे.

रोपे विकत घेण्याची गरजही एकदाच पडते. पुढे जून-जुलैत जुन्या झुडपाची लवचीक फांदी जमिनीपर्यंत वाकवावी. पेराखाली चाकूने लहानशी तिरपी चीर द्यावी व तो भाग दोन-तीन इंच मातीत दाबून वर दगड ठेवावा. सुमारे तीन महिन्यांत त्यास मुळे फुटतात. मग ती फांदी मूळ झाडापासून कापून वेगळी लावावी. यास दाब कलम म्हणतात. एका झुडपापासून दरवर्षी दोन-तीन रोपे अशी सहज होतात व शेजाऱ्यास देता येतात.

पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरमध्ये मोगऱ्याचे पाणी दोन-तीन आठवडे तोडावे. यास ताण देणे म्हणतात. नंतर नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर या काळात झुडूप गुडघ्याएवढे, म्हणजे सुमारे दीड फूट उंचीवर छाटावे. वाळक्या, रोगट व आत वाढलेल्या बारीक फांद्या मुळापासून काढाव्यात. बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने खणून दोन घमेली शेणखत द्यावे, आच्छादन करावे व मग पाणी सुरू करावे. नव्या फुटीवरच कळ्या येतात. छाटणी करताना पुष्कळांचा जीव होत नाही व झाड तसेच ठेवले जाते. त्यामुळे ते पानांनी माजते व फुले थोडी देते. छाटलेल्या झाडास साधारण मार्चपासून कळ्या धरू लागतात.

पूर्ण भरलेल्या पण न उमललेल्या कळ्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वी खुडाव्यात. त्या त्याच दिवशी संध्याकाळी उमलतात. खुडलेल्या कळ्या ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात ठेवाव्यात. घरच्या दहा झुडपांची फुले म्हणजे व्यापार नव्हे. पण दोन-तीन शेजारणींनी एकत्र येऊन गजरे केल्यास ते गावात व आठवडे बाजारात खपतात. फुले पुष्कळ होऊ लागल्यास शहापूरकडील लोकांना आसनगाव व वासिंद येथून रेल्वे आहे आणि मुरबाडकडील लोकांना कल्याणची सडक आहे. कल्याण व दादर येथील फुलबाजार हीच मोठी गिऱ्हाइके होत.

इतर फुलझाडे

*झेंडू.* याला उन्हाळ्याचे पाणी लागतच नाही. दसरा कधी सप्टेंबरअखेर तर कधी ऑक्टोबरअखेर येतो. म्हणून पंचांग पाहून त्याच्या सुमारे तीन महिने आधी बी पेरावे. या दिवसांत पाऊस जोराचा असल्याने बी उघड्यावर न पेरता पडवीत खोक्यात किंवा फुटक्या घमेल्यात पेरावे. रोपे चार आठवड्यांची झाली की वरंब्यावर लावावीत व ती धरल्यावर शेंडे खुडावेत. त्यामुळे फांद्या वाढतात व फुले अधिक येतात.

*शेवंती.* जुन्या झाडाच्या बुडातून निघालेले मुळ्यांसह फुटवे एप्रिल-मेमध्ये कुंडीत लावावेत. पावसाळाभर कुंड्या ओट्यावर छपराखाली, पण उजेडात ठेवाव्यात. पावसाच्या माऱ्यात शेवंती कुजते. थंडी पडू लागली की ती फुलते.

*अबोली.* हिला अर्धी सावली चालते, म्हणून आंब्याच्या किंवा शेवग्याच्या आडोशाला लावावी. बोंडे ओली होताच फुटून बी उडते. यासाठी पक्व बोंडे कोरडी असतानाच जमवावीत.

*जास्वंद व तगर.* जूनमध्ये शिसपेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब छाटे लावली की पुरे. दोन वर्षे सांभाळल्यास ही झुडपे पुढे थोड्या पाण्यावर निभावतात.

गुलाबाची हौस असल्यास एखाद-दुसरे झाड कुंडीत ठेवावे. त्याला निगा फार लागते.

किडींचा बंदोबस्त

मोगऱ्याच्या कळ्या जांभळट पडून त्यांना भोक दिसले, तर आत अळी आहे असे समजावे. अशा कळ्या खुडून नष्ट कराव्यात. त्या झाडाखाली टाकू नयेत. उन्हाळ्यात पाने फिकट व धुरकट होऊन खालच्या बाजूस बारीक जाळे दिसले, तर ती कोळी कीड होय. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारल्याने ती हटते. जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने साबणाच्या पाण्यात पुसून काढावेत.

या सर्वांवर निंबोळीचा अर्क उपयोगी पडतो. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, चिमूटभर साबण मिसळावा व संध्याकाळी फवारावे. घरची फुले केसांत माळली जातात, देवास वाहिली जातात व मुले हाताळतात. म्हणून परसबागेत विषारी औषधे वापरू नयेत. पावसाळ्यात पाने पिवळी पडल्यास खत किंवा औषध शोधण्यापूर्वी बुंध्याशी पाणी साचले आहे काय, ते पाहावे. बहुतेक वेळा कारण तेथेच सापडते.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

जूनमध्ये गावात रोपे वाटणे सोपे असते. त्यांची यादी होते, छायाचित्र निघते आणि काम झाले असे वाटते. परंतु किती रोपे लावली, यापेक्षा पुढील मे महिन्याच्या अखेरीस किती जगली, ही मोजणी खरी. म्हणून आधी रोप देऊ नये. ज्या घरी मोरीचा खड्डा व पाट तयार झाला असेल, त्या घरी प्रथम रोप द्यावे. प्रत्येक पाड्यावर एकच परस प्रात्यक्षिकासाठी निवडावे. ते रस्त्यावरचे नसून पाण्याची सर्वांत अधिक ओढ असलेल्या घराचे असावे. तेथे मोगरा वैशाखात फुलला, तर आपल्यालाही तो साधेल हे शेजाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

रोपे पोचविण्याबरोबरच डिसेंबरातील छाटणीस हजर राहणे विसरू नये. त्या वेळी घरातील स्त्रीच्या हाती कात्री द्यावी, कारण पुढे बाग तीच सांभाळणार असते. पाणी आणणारीही बहुधा तीच असते. तिच्या डोक्यावर एकही हंडा न वाढविता तिच्या परसात फुले यावीत, एवढ्यासाठीच ही सारी मांडणी आहे.