ट्रेस आयडी : लिहिण्याची पद्धत एकच हवी

एक विनंती अनेक सेवांमधून फिरते तेव्हा तिचा माग काढण्यासाठी ट्रेसिंग लायब्ररी दोन ओळखक्रमांक वापरतात. संपूर्ण प्रवासाला ट्रेस आयडी असतो आणि त्यातल्या प्रत्येक टप्प्याला स्पॅन आयडी. डब्ल्यूथ्रीसीने फेब्रुवारी २०२० मध्ये 'ट्रेस कॉन्टेक्स्ट' हे मानक जाहीर केले. त्यानुसार हेडरमध्ये ट्रेस आयडी ३२ आणि स्पॅन आयडी १६ हेक्साडेसिमल चिन्हांचा असतो. अक्षरे स्मॉल असावी लागतात आणि सगळी शून्ये असलेला आयडी अवैध ठरतो.

प्रत्यक्ष कामात सर्वाधिक त्रास होतो तो सुरुवातीच्या शून्यांचा. ००७३५१९४६८२०५३७१ हा स्पॅन आयडी पूर्णांक म्हणून साठवला आणि साध्या हेक्स रूपात छापला, की ७३५१९४६८२०५३७१ एवढाच उरतो. एक्सेलमध्ये बँक खात्याचा क्रमांक टाकल्यावर होते तेच येथे होते. जावामधील पूर्णांकाचे हेक्स करणारे नेहमीचे फंक्शनही पुढची शून्ये देत नाही. आयडी यादृच्छिक असल्यामुळे सरासरी १६ पैकी एकाची सुरुवात शून्याने होते. उरलेले १५ बिनचूक दिसतात, म्हणून दोष लवकर ध्यानात येत नाही. लॉगमध्ये शोध घेतला तर नोंद सापडत नाही. अपुरा आयडी मानक हेडरमध्ये गेला, तर पुढची सेवा तो हेडर अवैध ठरवून नवा ट्रेस सुरू करते आणि एका प्रवासाचे दोन तुकडे होतात. चाचणीत दर वेळी नवा यादृच्छिक आयडी वापरला असेल, तर ती अधूनमधून नापास होते; पुन्हा चालवली की पास होते आणि विषय तिथेच संपतो.

दुसरा धोका दशमान रूपाचा. काही प्रणाली ६४ बिटचा आयडी दशमान अंकांत लिहितात. असा आयडी जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या म्हणून वाचला, तर ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक राहत नाही. शेवटचे अंक बदलतात आणि भलताच आयडी तयार होतो.

तिसरा धोका जेसनचा. प्रोटोबफच्या नेहमीच्या नियमाने बाइट्सचे जेसनमध्ये बेस६४ होते. ओपनटेलिमेट्रीच्या ओटीएलपीमध्ये मात्र ट्रेस आणि स्पॅन आयडी हेक्समध्येच द्यावे लागतात. ३२ हेक्स चिन्हे बेस६४ समजून उलगडली तर कोणतीही त्रुटी न दाखवता २४ बाइट हाती येतात. त्यामुळे लांबी तपासणे अनिवार्य आहे.

जुन्या प्रणालींचा मेळ घालतानाही काळजी लागते. झिपकिनच्या बी३ हेडरमध्ये ट्रेस आयडी १६ किंवा ३२ चिन्हांचा चालतो. १६ चिन्हांचा आयडी ३२ चा करताना शून्ये डावीकडे भरावीत. उजवीकडे भरली तर तो आयडी वेगळाच होतो.

यावरून लायब्ररी लिहिणाऱ्यांनी पाळायचे नियम असे. आयडी ही संख्या नव्हे, ठरावीक लांबीची बाइटमाला आहे. आत ती त्याच रूपात ठेवावी. मजकुरात रूपांतर करणारे फंक्शन एकच असावे आणि हेडर, लॉग, एक्स्पोर्टर या सर्वांनी तेच वापरावे. जुन्या हेडरमधून येणारा आखूड आयडी सीमेवरच पूर्ण लांबीचा करून घ्यावा. मानक हेडरमधला अपुरा किंवा शून्य आयडी नाकारावा. दशमान रूप द्यावेच लागले तर ते अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्यावे. चाचण्यांमध्ये एका शून्याने, अनेक शून्यांनी आणि अक्षराने सुरू होणारे ठरलेले आयडी कायम ठेवावेत.

एका सेवेने लिहिलेला आयडी दुसऱ्या सेवेला चिन्हागणिक तोच दिसला, तरच ट्रेसिंगवर विसंबता येते. म्हणून नवी लायब्ररी वापरात आणण्यापूर्वी शून्याने सुरू होणारा एक आयडी सर्व सेवांमधून फिरवून पाहावा आणि शेवटच्या लॉगमध्ये तो जसाच्या तसा आहे याची खात्री करावी.