पिवळ्या वायरींचा गुंता

प्रश्न : रत्नागिरीत इंटरनेट पुरवणाऱ्या एका वाचकाने रॅकमधल्या जादा लांबीच्या पॅचकॉर्ड गुंडाळून प्लास्टिकच्या टायने आवळल्या. तेव्हापासून सिग्नल का घटला?

उत्तर : टायमुळेच. सुंभ कितीही करकचून बांधला तरी बिघडत नाही, पण पॅचकॉर्डच्या पिवळ्या आवरणात जेमतेम १२५ मायक्रॉन जाडीची काच असते आणि प्रकाश तिच्या मधल्या सुमारे ९ मायक्रॉनमधून धावतो. वळण तीव्र झाले की तो बाहेर निसटतो.

साध्या जी.६५२ फायबरच्या वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरखाली जाऊ देऊ नये. जी.६५७ए२ प्रकार साडेसात मिलिमीटरपर्यंत वळण सोसतो. नवी खरेदी त्याचीच करावी. फसगत होते ती चाचणीत. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर आकडे ठाकठीक दिसतात, आणि तेच वेटोळे १५५० वर सिग्नल खाते. म्हणून दोन्हीवर मोजावे. लाल लेझरचा पेन लावला तर आवळलेल्या जागी आवरणातून लाली झिरपताना अनेकदा डोळ्यांनाच दिसते.

टाय कापून वेल्क्रोची पट्टी सैल बांधावी. वायर रॅकच्या कडेने न्यावी, दुसऱ्या यंत्राच्या तोंडावरून आडवी नको. जादा लांबी साठवायला रुंद रीळ लावावे. त्याहून बरे, मापाचीच वायर घ्यावी.

कोकणात जांभ्याची धूळ आणि पावसाळी दमट हवा यांचाही त्रास असतो. एक कण ९ मायक्रॉनची वाट सहज अडवतो. त्यामुळे मोकळ्या टोकाला टोपी हवीच, आणि जोडण्याआधी टोक पुसणेही. हिरवा कनेक्टर ८ अंशांत तिरका घासलेला असतो. तो निळ्याला जोडू नये.

वायर उपसण्यापूर्वी दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी.