मोतिया रंगाची दुरुस्ती : श्रम आणि बिल

मोटारीच्या दाराला पोचा पडला की मालकाचा पहिला प्रश्न असतो, 'रंग जुळेल ना?' साध्या पांढऱ्या रंगाबाबत उत्तर सोपे आहे. मोतिया, म्हणजेच 'पर्ल' रंगाबाबत तसे नाही. या रंगात सामान्यतः अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढविलेला असतो. त्या थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून झळाळी निर्माण होते. त्यामुळे एकच दार समोरून एका, तर तिरके पाहता दुसऱ्या छटेचे दिसते.

साहजिकच कंपनीचा रंगक्रमांक ही केवळ सुरुवात ठरते. त्रिस्तरीय पद्धतीत आधी पायाचा रंग, त्यावर मोतिया थर आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट देतात. मधल्या थराचा एक हात जास्त झाला तरी छटा बदलते. हवेचा दाब व स्प्रे गनचे अंतर यांवर पापुद्रे कसे बसतात हे अवलंबून असते. म्हणून जाणकार पेंटर आधी नमुनापट्टीवर एक, दोन, तीन हात देऊन ती गाडीशेजारी उन्हात निरनिराळ्या कोनांतून पाहतो. इतके करूनही शेजारच्या, धक्काही न लागलेल्या पॅनेलवर मोतिया थर हळूहळू विरवत न्यावा लागतो. अनेक कोनांतून रंग मोजणारी यंत्रे मिश्रण सुचवितात. हात मात्र पेंटरचाच.

या कौशल्याचे मोल बिलात कसे उमटते? मोटार विम्याच्या प्रचलित पॅकेज पॉलिसीत रंगकामाच्या केवळ साहित्य-खर्चावर ५० टक्के घसारा लागतो. बिल एकत्रित असल्यास साहित्य २५ टक्के धरले जाते. म्हणजे ८,००० रुपयांच्या बिलात साहित्य २,००० आणि कपात १,००० रुपये. नमुनापट्टीत गेलेला वेळ या एकत्रित आकड्यात दिसतच नाही. जे दिसत नाही त्यावरच घासाघीस होते आणि छोट्या गॅरेजचा पेंटर प्रथम तेच वगळतो. (झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात अभ्रकाचा चुरा वेचणाऱ्या कुटुंबांचे श्रम तर याहून अदृश्य.)

शेजारच्या पॅनेलचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तेथे नुकसान नसल्याने तो खर्च मान्य करण्याबाबत मतभेद संभवतो. काम सुरू होण्यापूर्वीच सर्वेक्षकाला दाखवून तो अंदाजपत्रकात स्वतंत्र नोंदवून घेणे मालक व पेंटर दोघांच्याही हिताचे आहे.