नेल सलूनमध्ये शिकाऊ मुलगी ठेवताना

प्रश्न : आमच्या नेल सलूनमध्ये शनिवार-रविवारी श्वास घ्यायला फुरसत नसते. शिकाऊ मुलगी ठेवली तर तिला शिकवायचं कधी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आठवड्यातली एखादी निवांत दुपार फक्त शिकवण्यासाठी राखावी. गर्दीच्या दिवशी तिनं शेजारी बसून पाहावं, अवजारं धुवावीत.

हे धुणंच खरा पहिला धडा. धातूची अवजारं आधी साबणानं धुवायची, कोरडी करायची, मग जंतुनाशकात बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण बुडवायची. नखं घासायच्या साध्या फाइली सच्छिद्र असतात; त्या एका गिऱ्हाइकापुरत्याच.

डिझाइनची घाई नको. न सुकलेलं जेल वारंवार कातडीला लागलं, तर ॲक्रिलेटची ॲलर्जी होऊ शकते आणि ती सहसा जन्मभर राहते. दातांच्या फिलिंगमध्येही ॲक्रिलेट असतात, म्हणजे त्रास सलूनपुरता उरत नाही. म्हणून नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून हवेत, आणि ब्रशचा सराव प्लास्टिकच्या नखांवर. त्यानंतर सहकाऱ्यांचे हात, गिऱ्हाइकाचे अगदी शेवटी.

कागदोपत्री म्हणाल, तर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली तिला घ्यायचं असल्यास लेखी करार आणि दरमहा विद्यावेतन बंधनकारक आहे. फुकट राबवून घेणं हे शिकवणं नव्हे.